जिथे तुटले तिथून पुढे

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. परंतु ही माहिती खेड्यातल्या घरापर्यंत येता येता वाटेत किती सांडते, हे ज्याने मोजूनमापून इंटरनेट वापरले आहे त्यालाच ठाऊक. हे सांडणे थांबवता येते आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही, हे मला जरा उशिराच कळले. माझ्या वाचक मित्रमैत्रिणींना ते वेळेवर कळावे, एवढाच या लेखाचा हेतू.

गोष्ट गेल्या वर्षीची. परीक्षा तोंडावर आली होती आणि मराठीच्या अभ्यासासाठी मला एक जुने पुस्तक हवे होते. ग्रंथालयातली एकुलती एक प्रत बाहेर गेलेली. मात्र स्वामित्वहक्क संपलेले असल्याने ते पुस्तक इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवलेले होते. आकार ४२० एमबी. वडिलांच्या मोबाईलचे इंटरनेट माझ्या जुन्या लॅपटॉपला जोडून मी ते उतरवायला घेतले. ३८० एमबी झाले आणि वडिलांना फोन आला. जोडणी तुटली. ब्राउझरने पुन्हा शून्यापासून आरंभ केला. दुसऱ्या वेळी ३०० एमबीवर रेंज गेली, तिसऱ्या वेळी ३२० वर. बेरीज करा : १००० एमबी. त्या दिवसाचा सगळा वाटा संपला आणि हाती एक पानही आले नाही.

आई शेजारीच गोधडी शिवत बसली होती. माझे रडगाणे ऐकून ती म्हणाली, "दोरा तुटला म्हणून कुणी आख्खी गोधडी उसवतं व्हय गं? तुटला तिथनं पुढं शिवायचं." आईला संगणकातले काही कळत नाही. पण या विषयाचे मर्म तिने एका वाक्यात सांगितले, हे मला पुढे उमगले.

आता शास्त्र पाहू. आपण एखादी फाईल मागतो तेव्हा आपला संगणक दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, एक विनंती पाठवतो. ही विनंती कशी करायची याचे नियम ठरलेले आहेत. त्या नियमावलीला एचटीटीपी म्हणतात. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या १.१ या आवृत्तीत एक उपयुक्त सोय नोंदली गेली. फाईल सगळी न मागता 'अमुक बाइटपासून पुढे द्या' असे म्हणता येते. सर्व्हरला हे मान्य असेल तर तो २०६ हा क्रमांक कळवून तेवढाच तुकडा पाठवतो. मान्य नसेल तर २०० हा क्रमांक कळवून पहिल्यापासून सगळी फाईल पाठवू लागतो. माझ्या ३८० एमबीनंतर फक्त ४० एमबी मागता आले असते. मागणारा तेवढा हुशार हवा होता!

हे हुशारीने मागण्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला डाउनलोड मॅनेजर म्हणतात. आजच्या ब्राउझरांतही अडलेले डाउनलोड पुढे चालू करण्याची सोय असते, पण ती दर वेळी साथ देतेच असे नाही. डाउनलोड मॅनेजर मात्र याच कामासाठी जन्मलेला असतो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येत असे. पुढे आलेल्या ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, सगळे सुरळीत चालले तरी, १०० एमबी उतरवायला सुमारे चार तास लागत. त्या अडचणीच्या काळातच जगभर अशी साधने तयार झाली.

त्यांतले एक जुने आणि भरवशाचे म्हणजे डब्ल्यूगेट. क्रोएशियाच्या हर्वोये निकशिच यांनी ते लिहिले आणि १९९६ साली ते लोकांपुढे आले. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा टंकून द्यावी लागते. प्रथम त्याचे नाव, मग जागा सोडून एक आडवी रेघ आणि तिला चिकटून 'सी' हे रोमन लिपीतले लहान अक्षर, पुन्हा जागा सोडून फाईलचा पत्ता. त्या 'सी'चा अर्थ 'पुढे चालू ठेव'. माझ्या गोधडीचा दोरा या एका अक्षरात होता.

दुसरे साधन एरिया-टू. जपानच्या तात्सुहिरो त्सुजिकावा यांनी ते सुरू केले. ते एका फाईलचे तुकडे पाडते, निरनिराळ्या जोडण्यांवरून एकाच वेळी आणते आणि प्रत्येक तुकडा आपल्या जागी बसवते. कोणता तुकडा आला, कोणता राहिला याची नोंद ते शेजारीच एका छोट्या फाईलीत ठेवते. काम पुरे होईपर्यंत ही नोंद पुसू नये. पुसली तर हिशेब बुडाला. ज्यांना आज्ञा टंकण्याचा धीर होत नाही त्यांच्यासाठी यूगेट किंवा केगेट ही बटणांची साधने आहेत. त्यांत पत्त्यांची रांग लावून ठेवता येते. घरातल्या मोबाईलला कामे कमी असतात अशा वेळी, म्हणजे रात्री, ती रांग सुरू करावी.

आता वेगाविषयी. 'आमच्या साधनाने वेग कित्येक पटींनी वाढेल' अशा जाहिराती आपण पाहतो. त्यात तथ्य किती? विहिरीत पाणी भरपूर आहे, पण पाइप बारीक आहे, तर चार पाइप टाकल्याने पाणी जास्त येईल. परंतु विहीरच आटली असेल तर दहा पाइप टाकून काय होणार? सर्व्हर प्रत्येक जोडणीला मोजकाच वेग देत असेल, तर तुकडे पाडून आणल्याने लाभ होतो. आपल्याच गावची रेंज कमी असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर ती वाढवू शकत नाही. शिवाय कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात आणि फाईलचा आकार बाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट. ४ एमबीपीएस वेग म्हणजे सेकंदाला फार तर अर्धा एमबी. या हिशेबाने माझ्या पुस्तकाला १४ मिनिटे लागणारच होती.

यात एक नीतीचाही प्रश्न आहे. रेशनच्या रांगेत एकाच घरची दहा माणसे उभी राहिली तर मागच्यांचे काय? सर्व्हरवर अनेक जोडण्या उघडणे हे तसेच होय. म्हणून एरिया-टू आपण न सांगता एका सर्व्हरवर एकच जोडणी उघडते, आणि सांगितले तरी १६ च्या पुढे जात नाही. तीन-चार जोडण्यांवर समाधान मानावे, असे मला वाटते.

सावधगिरीही हवी. मध्यंतरी सर्व्हरवरची मूळ फाईल बदलली, तर जुना अर्धा आणि नवा अर्धा जोडून निरुपयोगी वस्तू तयार होते. म्हणून अनेक ठिकाणी फाईलसोबत तिची खूणगाठ दिलेली असते. एसएचए-२५६ ही अशी एक पद्धत. तीत अंक व रोमन अक्षरे मिळून ६४ चिन्हे असतात. आपल्याकडे आलेल्या फाईलची खूणगाठ काढून ताडून पाहावी. एक बाइट जरी बदलला असेल तरी ती जुळत नाही. तसेच ही साधने त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावीत. इतरत्र 'डाउनलोड' लिहिलेली मोठमोठी फसवी बटणे असतात आणि त्यांतून नको ते संगणकात शिरते.

वरील साधने फुकट आहेत, पण त्यांचे मोल तेवढ्यातच नाही. ती मुक्त आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवावे, त्याची रचना अभ्यासावी, ती बदलावी आणि प्रती इतरांना द्याव्यात, ही मोकळीक वापरणाऱ्याला असली पाहिजे, हा त्यामागचा विचार. डब्ल्यूगेट याच ग्नू प्रकल्पात येते. त्यामुळे पेनड्राइव्हवर घालून ते मैत्रिणीला देणे ही चोरी नव्हे; तसे देण्याची परवानगी त्याच्या परवान्यातच लिहिलेली आहे. वसतिगृहातल्या एकीने उतरवावे आणि दहाजणींनी घ्यावे. ज्ञान दिल्याने वाढते, हे सुभाषित इथे अक्षरशः खरे ठरते.

शेवटी मी ते पुस्तक मिळवले. दोन रात्री लागल्या, जोडणी पाच वेळा तुटली, पण एक एमबीही वाया गेला नाही. सकाळी पहिले पान उघडून आईला दाखवले. तिने अडखळत नाव वाचले. तिची शाळा सातवीत सुटली. थोरल्या मामाचे लग्न, दुष्काळ, मग तिचे स्वतःचे लग्न. तो तुटलेला दोरा पुन्हा ओवून द्यायला तिला कोणी भेटले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणूनच तुटलेले काम जिथल्या तिथून पुढे नेणारे हे साधे साधन मला फार मोठे वाटते.

(द्वितीय वर्ष, कला)