प्रवासी घड्याळ : खरेदी, पारख आणि पाणी

सुरतेच्या व्यापाऱ्यास दूरदेशीच्या वेळेचा हिशेब ठेवणे नवे नाही. सतराव्या शतकात विरजी व्होरांसारख्या जैन सावकारांचा व्यवहार येथून तांबड्या समुद्रापर्यंत व इराणच्या आखातापर्यंत चालत असे. त्या काळी सुवाळीस नांगरलेली जहाजे मोसमी वाऱ्याची वाट पाहत आणि पेढीवरचा हिशेब ऋतूंवर बसविला जाई. आज ऋतूंची जागा तासांनी घेतली आहे. महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात दुपारचे साडेतीन वाजतात, तेव्हा हाँगकाँगमध्ये सायंकाळचे सहा वाजलेले असतात. अँटवर्पमध्ये मात्र हिवाळ्यात सकाळचे अकरा आणि उन्हाळ्यात दुपारचे बारा होतात. ज्याचा व्यवहार या तिन्ही ठिकाणी आहे, त्यास दोन वेळा एकाच वेळी दाखविणारे घड्याळ मनगटावर असावे असे वाटले, तर ती केवळ हौस म्हणता येणार नाही.

अशी घड्याळे 1950 नंतरच्या दशकात नावारूपास आली. पॅन अमेरिकन या विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी रोलेक्सने 'जीएमटी मास्टर' हे घड्याळ बनविले. त्यात नेहमीच्या काट्यांखेरीज चोवीस तासांत एकच फेरी पुरी करणारा एक जादा काटा होता आणि काचेभोवती चोवीस तासांत विभागलेले फिरते कडे होते. पुढे 1980 नंतरच्या दशकात तासाचा काटा स्वतंत्रपणे एकेक तास मागेपुढे सरकविण्याची सोय झाली. आपल्या देशाची वेळ मात्र ग्रीनविचच्या पुढे साडेपाच तास आहे. मिनिटकाटा एकच असल्याने परदेशी वेळ लावली की घरची वेळ वाचताना अर्ध्या तासाची बेरीज-वजाबाकी मनातच करावी लागते. तोंडी हिशेबात मुरलेल्या आमच्या मंडळींस ती कठीण नाही. भारतीय वेळेचे साधे घड्याळ उलटे धरले, तर ग्रीनविचची वेळ अदमासाने वाचता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसेल!

नामांकित कंपनीचे नवे घड्याळ मागताक्षणी मिळेलच असे नाही. मागणी मोठी आणि प्रतीक्षायादी लांब. सबब वापरलेल्या घड्याळांचा बाजार वाढला आहे, आणि आमचे अनेक सभासद परदेशी जाताना-येताना तेथे डोकावतात. आम्हीही काही वर्षांपूर्वी असेच एक प्रवासी घड्याळ घेतले. तबकडीवर '100 मीटर' असे स्पष्ट छापलेले होते. विक्रेत्याने तेच वाक्य तोंडी सांगितले, आणि आम्ही अधिक काही विचारले नाही. परदेशाहून परतल्यावर एका सकाळी ते मनगटावर ठेवूनच पोहण्याच्या तलावात उतरलो. अर्ध्या तासाने बाहेर येऊन वेळ पाहिली, तो काचेच्या आत धुके दाटलेले! सायंकाळपर्यंत सेकंदकाटा थांबला.

घड्याळजींनी झाकण उघडून दाखविले तेव्हा सारा प्रकार उलगडला. घड्याळाच्या डबीत पाणी शिरण्याच्या मुख्य वाटा तीन : काचेची कड, पाठीमागचे झाकण आणि बाजूची चावी. या तिन्ही ठिकाणी रबराची वा तत्सम पदार्थाची बारीक कडी दाबून बसविलेली असते, आणि पाण्याला अडविते ती हीच. उष्णता, घाम, साबण, अत्तर, समुद्राचे मीठ आणि तलावाच्या पाण्यातील क्लोरीन यांनी ती कालांतराने चपटी व कडक होते. आमच्या घड्याळातील झाकणाची कडी अशीच निकामी झालेली होती. पूर्वी कोणीतरी झाकण उघडून तीच जुनी कडी पुन्हा बसविली होती.

आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ती हीच. तबकडीवरचा आकडा म्हणजे जुन्या सालचा ताळेबंद होय. तो ज्या तारखेचा, त्या तारखेपुरता खरा. दहा वर्षांपूर्वीचा ताळेबंद पाहून आपण कोणास उधार माल देत नाही. आजची पत विचारतो. घड्याळाचीही आजचीच पत विचारली पाहिजे.

या संदर्भात एक प्रसिद्ध प्रसंग सांगण्याजोगा आहे. मर्सिडिस ग्लाइट्झ या इंग्रज तरुणीने 7 ऑक्टोबर 1927 रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली. तिच्या पराक्रमाविषयी शंका निघाल्याने 21 ऑक्टोबरला ती पुन्हा पाण्यात उतरली, त्या वेळी रोलेक्सचे 'ऑयस्टर' घड्याळ तिच्या गळ्यात होते. दहा तासांहून अधिक काळ ती अतिथंड पाण्यात होती. खाडी त्या दिवशी पार झाली नाही, पण घड्याळ बिनचूक चालत राहिले, आणि कंपनीने त्याची मोठी जाहिरात केली. जाहिरात खोटी नव्हती. तथापि तो नमुना बाजारात येऊन जेमतेम वर्ष झाले होते आणि ते घड्याळ नवे होते, हे विसरून चालणार नाही.

आकड्यांचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. '30 मीटर' म्हणजे तीन वातावरणांचा दाब प्रयोगशाळेत सोसण्याची क्षमता. तीस मीटर खोल बुडी मारण्याचा परवाना नव्हे. व्यवहारात अशा घड्याळावर पावसाचे वा हात धुतानाचे शिंतोडे उडाले तर हरकत नाही, इतकेच समजावे. पोहण्यासाठी 100 मीटरचे व स्क्रूप्रमाणे फिरवून बंद होणाऱ्या चावीचे घड्याळ असावे, आणि पाणबुड्यांच्या कामासाठी त्याच कामाचे खास घड्याळ घ्यावे.

प्रवासी घड्याळास आणखी एक धोका असतो, जो इतरांस सहसा नसतो. प्रत्येक प्रवासात वेळ बदलण्यासाठी चावी उघडावी लागते. विमानातून उतरण्याच्या घाईत ती पुरती बंद करण्याचे राहून जाते, आणि त्याच सायंकाळी मनुष्य उतारूगृहाच्या तलावात उतरतो. अशा वेळी कड्या कितीही नव्या असल्या तरी उपयोग नाही. दारच उघडे राहिलेले असते.

मग खरेदी करणाऱ्याने काय करावे? पैसे मोजण्यापूर्वी दाबाची चाचणी मागावी. घड्याळ एका बंद पात्रात ठेवून हवेचा दाब बदलतात आणि डबीचा आकार किती सूक्ष्म प्रमाणात बदलतो व टिकतो हे यंत्र मोजते. हवा गळत असेल तर येथेच कळते, आणि घड्याळ भिजतही नाही. पाण्यातून काढलेल्या घड्याळाची दुसरी कसोटी अशी : ते चाळीस ते पंचेचाळीस अंशांपर्यंत कोमट करून काचेवर थंड पाण्याचा एक थेंब ठेवावा. मिनिटभराने थेंब पुसल्यावर आत धुके दिसले, तर ओल शिरली असे समजावे. चाचणीचा निकाल तारखेसह लेखी घ्यावा. झाकण जेव्हा जेव्हा उघडले जाईल, तेव्हा तेव्हा कड्या नव्या बसवून चाचणी पुन्हा करावी. नित्य पोहणाऱ्याने ती वर्षातून एकदा करावी. गरम पाण्याच्या वा वाफेच्या स्नानास घड्याळ नेऊ नये, पाण्यात चावीस हात लावू नये, आणि पोहून झाल्यावर गोड्या पाण्याने धुवावे. पट्टा धातूचा वा रबराचा असावा. चामड्याचा पट्टा पाण्यात कुजतो, आणि तो आपल्या पुष्कळ घरांत तसाही चालत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे घड्याळ मात्र कितीही चाचण्या केल्या तरी पाण्यात नेऊ नये. ते पाहण्याचे व जपण्याचे धन आहे.

कागदपत्रांविषयीही दोन शब्द. डबीवरचा क्रमांक हमीपत्राशी जुळतो की नाही हे स्वतः पाहावे, खरेदीची पावती घ्यावी, आणि परदेशातून आणताना जकातीच्या नियमांप्रमाणे ते दाखवावे. अचौर्य व्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि नकली वस्तू खरी म्हणून खपविणे या दोहोंची गणना आहे. वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात हे दोन्ही मोह फार जवळ उभे असतात.

आमच्या घड्याळाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. ते स्वच्छ होऊन चालू लागले. एका स्नेह्याने सुचविले की, आता पुसूनपासून विकून टाका. पाण्याची गोष्ट कोण विचारतो? क्षणभर आम्हांसही ते पटले, हे कबूल केले पाहिजे. पण आम्हांस ते ज्याने विकले, त्यानेही कदाचित नेमके हेच म्हटले असेल! शेवटी दुरुस्तीची पावती सोबत जोडून, आत पाणी शिरले होते असे लिहून, कमी किमतीस ते विकले. घेणारा गृहस्थ हसून म्हणाला, "पोहायला नेणार नाही, पण घेतो. तुम्ही सांगितलेत म्हणून घेतो."

त्या व्यवहारात रोजमेळात तोटाच दिसला. तथापि त्या गृहस्थाने पुढे दोन ग्राहक आमच्या पेढीवर पाठविले. त्यांचा जमाखर्च कोणत्या खात्यात मांडावा, हे सुज्ञ सभासदांस आम्ही सांगावयास नको.