गृहोपयोगी वायुशोधक यंत्र : कार्य, मर्यादा आणि वैद्यांची भूमिका

श्वास, कास व प्रतिश्यायाच्या रुग्णांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो, तो म्हणजे, "डॉक्टर, घरात हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे का?" केवळ 'घ्या' किंवा 'घेऊ नका' एवढ्या उत्तराने भागत नाही. यंत्रावर हजारो रुपये खर्च केल्यावर औषध व पथ्य यांची हयगय होण्याचा संभव असतो. यास्तव हे यंत्र काय करते व काय करू शकत नाही, हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांनाही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

घरातील रज व धूम

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाच्या हेतूंमध्ये रज व धूम यांचा स्पष्ट निर्देश आहे. आधुनिक परिभाषेत २.५ मायक्रॉन व त्याहून लहान कण फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) अशा कणांचे २४ तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचविले. भारताच्या २००९ च्या मानकात ही मर्यादा ६० आहे. हे कण केवळ रस्त्यावरून येत नाहीत. फोडणी, उदबत्ती, धूप व डासांची कॉईल ही त्यांची घरातील उगमस्थाने होत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉईल पूर्ण जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले.

गाळणीचे कार्य

यंत्रातील पंखा खोलीतील हवा ओढून 'हेपा' गाळणीतून बाहेर सोडतो. ही गाळणी पिठाच्या चाळणीसारखी काम करते, हा समज बरोबर नाही. अतिसूक्ष्म तंतूंच्या दाट जाळ्यातून हवा वळणे घेत जाते. मोठे कण वेगामुळे वळू न शकल्याने तंतूंवर आदळून चिकटतात. मध्यम कण तंतूच्या अगदी जवळून जाताना त्यास स्पर्श होऊन अडकतात. ०.१ मायक्रॉनहून लहान कण हवेतील रेणूंच्या धक्क्यांनी सैरभैर फिरतात व शेवटी तंतूंवर जाऊन बसतात. या पद्धतींच्या मध्ये सापडणारा सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण पकडण्यास सर्वांत कठीण असतो. म्हणून गाळणीची परीक्षा त्याच आकारावर होते आणि अमेरिकी मानकानुसार तेथे किमान ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. त्याहून लहान कण अधिक चांगले अडतात.

क्षयाचा जंतू साधारण १ ते ४ मायक्रॉन लांबीचा असतो. कोविडचा विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा असला तरी तो बहुधा श्वासातील सूक्ष्म तुषारांसह तरंगतो. दोन्ही गाळणीत अडकू शकतात. मात्र गाळणी जंतूंना मारत नाही, केवळ अडवते. पृष्ठभागावरील जंतूंवर अथवा समोरासमोर बसून खोकणाऱ्याच्या तुषारांवर तिचा इलाज चालत नाही. क्षयरुग्णाच्या घरी उघडी खिडकी, मुखपट्टी व नियमित औषधोपचार यांना हे यंत्र पर्याय ठरत नाही.

वायू, ओझोन व किरणे

गंध व रासायनिक बाष्प यांसाठी सक्रिय कोळशाचा थर असतो. त्याच्या असंख्य छिद्रांच्या पृष्ठभागावर रेणू चिकटतात. थर भरला की कार्य थांबते. कार्बन मोनॉक्साइडवर त्याचा परिणाम होत नाही. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरचा धोका यंत्राने टळत नाही. तसेच बंद खोलीत वाढणारा कार्बन डायऑक्साइडही घटत नाही. त्यास बाहेरची हवाच लागते.

काही यंत्रे आयन वा ओझोन सोडतात. ओझोन स्वतः श्वसनमार्गाचा क्षोभ करतो. कॅलिफोर्निया राज्याने २०१० पासून अशा यंत्रांतून होणाऱ्या ओझोनवर ०.०५ पीपीएमची मर्यादा घातली आहे. तमकश्वासाच्या रुग्णास ओझोन निर्माण करणारे यंत्र सुचवू नये. अतिनील किरणे जंतुनाशक खरी, परंतु घरगुती यंत्रातून हवा वेगाने जात असल्याने किरणांचा संपर्क अल्पकाळच घडतो.

निवडीचे गणित

यंत्रावर 'सीएडीआर', म्हणजे ताशी किती शुद्ध हवा मिळते, याचा आकडा असतो. १२ × १० फूट व १० फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ताशी पाच वेळा हवा शुद्ध व्हावी असे धरल्यास १७० घनमीटर क्षमता हवी. हा आकडा सामान्यतः पूर्ण वेगाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून वेग कमी केला की क्षमताही घटते. यंत्र दिवाणखान्यात व रुग्ण शयनगृहात, ही व्यवस्था निरुपयोगी होय. हेपा गाळणी बहुधा धुता येत नाही. ती बदलताना तोंडास पट्टी बांधावी व जुनी गाळणी पिशवीत बंद करून टाकावी.

धूपनाचा प्रश्न

येथे आपणांस स्पष्ट बोलणे भाग आहे. सुश्रुताने व्रणितागारात मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप व लवण यांचे दिवसातून दोन वेळा धूपन सांगितले. परंतु त्याचा अधिकारी व्रणी होता, श्वासी नव्हे. चरकाने श्वासात धूमपान सांगितले आहे, तेही वमनानंतर, उरलेल्या कफासाठी व वैद्याच्या देखरेखीखाली. दिवसरात्र धुरात राहण्यास त्यातून आधार मिळत नाही. गुग्गुळाचा धूर जंतुघ्न असला तरी त्यातील कण फुप्फुसांस कणच असतात. म्हणून श्वासरुग्णाच्या उपस्थितीत धूपन करू नये. रिकाम्या खोलीत करावे, नंतर खिडक्या उघडून धूर पूर्ण जाऊ द्यावा आणि मगच रुग्णाने आत जावे. धूपन चालू असताना यंत्र बंद ठेवावे, अन्यथा राळेच्या धुराने गाळणी लवकर निकामी होते. औषधविक्रेत्यांनी धूप देताना हे आवर्जून सांगावे. चूर्ण कुटण्याच्या जागेत मात्र घरगुती यंत्र उपयोगी पडत नाही. तेथे धूळ उगमापाशीच ओढून घेणारी व्यवस्था हवी.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आहे. घरात कॉईल, धूप, ओल वा धूम्रपान आहे काय, हे आधी विचारावे. ही कारणे दूर केल्यावर, बाहेरची हवाच दूषित असेल व कुटुंबास खर्च पेलत असेल, तर रुग्णाच्या शयनगृहासाठी योग्य क्षमतेचे हेपा यंत्र अवश्य सुचवावे. आणि यंत्र आले तरी औषध चालूच ठेवायचे आहे, हे रुग्णास त्याच वेळी सांगावे.