माणूस चालतो, बिअर थांबते

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याचा उत्तरेकडचा भाग म्हणजे फ्रांकेन. तिथल्या बांबेर्ग शहरातले लोक उन्हाळ्याच्या संध्याकाळी 'तळघरावर' जातात. तळघरात नव्हे, तळघरावर. परक्याला ही व्याकरणाची चूक वाटते. पण त्या एका प्रत्ययात त्या प्रदेशाचा बराचसा इतिहास मावलेला आहे. तळघर टेकडीच्या पोटात कोरलेलं असतं. पिंपं खाली, अंधारात आणि थंडाव्यात. माणसं वर, झाडांच्या सावलीत, लाकडी बाकांवर. बिअर मुरते खाली आणि प्यायली जाते तिच्याच डोक्यावर बसून.

अलीकडे जगभरच्या पर्यटनात 'क्राफ्ट ब्रूअरी आणि आसपासची निसर्गस्थळं' ही जोडी रूढ झाली आहे. दिवसा डोंगर चढायचा, संध्याकाळी स्थानिक बिअर चाखायची. दोन वेगळ्या गोष्टी 'आणि' या अव्ययाने जोडलेल्या. फ्रांकेनमध्ये मात्र हा 'आणि' फसवा ठरतो. इथल्या बिअरला खडकाने, थंडीने आणि सावलीने घडवलं. आणि इथल्या लहान ब्रूअऱ्या टिकल्या त्यात पायी येणाऱ्या माणसाचा मोठा वाटा आहे. हे कसं घडलं, ते पाहण्यासारखं आहे.

खडक, थंडी, सावली

बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. बव्हेरियाचा १५१६ सालचा शुद्धतेचा कायदा प्रसिद्ध आहे; पण बांबेर्गच्या राजबिशपांनी तशाच आशयाचा आदेश त्याआधी, १४८९ मध्येच काढला होता. तेव्हा बांबेर्ग बव्हेरियाचा भाग नव्हतं. ते स्वतंत्र धर्मसंस्थान होतं आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बव्हेरियात सामील झालं.

या भागातली बिअर प्रामुख्याने लागर प्रकारची. लागर या शब्दाचा अर्थच कोठार, साठवण. तिचं यीस्ट थंडीत, पात्राच्या तळाशी राहून काम करतं आणि नंतर बिअर काही आठवडे तशाच थंडीत मुरावी लागते. उन्हाळ्यात आंबवलेली बिअर नासायची. शिवाय कढयांखालच्या जाळाने आगी लागायच्या. म्हणून बव्हेरियात १५५३ मध्ये फर्मान निघालं : बिअर करायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच. फ्रांकेनमध्ये हाच नियम हवामानानेच घालून दिलेला होता.

मग उन्हाळ्याची बिअर कुठे ठेवायची? वालुकाश्माच्या टेकड्यांत भुयारं खोदली गेली. आत वर्षभर आठ-दहा अंश तापमान. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून आत रचला जाई. वरची जमीन तापू नये म्हणून हॉर्स चेस्टनटची झाडं लावली गेली : पानं रुंद, सावली दाट, मुळं उथळ, त्यामुळे खालच्या कमानीला धोका नाही. एवढी थंड सावली तयार झाल्यावर माणसं तिथे बसणारच. तळघरावर जाण्याची रीत अशी अगदी कोरड्या तांत्रिक गरजेतून जन्मली.

दक्षिणेकडे म्युनिकमध्ये असेच 'बिअर गार्डन' उभे राहिले आणि खानावळवाल्यांनी तक्रार केली, की आमचं गिऱ्हाईक पळतं. १८१२ मध्ये राजा पहिला माक्सिमिलियन योझेफ याने तोड काढली : ब्रूअरीवाल्यांनी उन्हाळ्यात तळघरावर बिअर विकावी, पण पावाखेरीज खायला काही देऊ नये. लोक घरून शिदोरी आणू लागले. ती शिदोरी आजही चालते. बव्हेरियाच्या १९९९ सालच्या बिअर गार्डनविषयक नियमावलीत आपलं खाणं सोबत आणण्याची मुभा हे अशा जागेचं लक्षणच मानलेलं आहे. म्हणजे बिअर विकत घ्यायची आणि भाकरी आपली सोडायची, याला तिथे दोनशे वर्षांचा आधार आहे.

१८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकच्या श्पाटेन ब्रूअरीसाठी शीतकरणाचं यंत्र बनवलं आणि भुयारांची गरज संपली. गरज संपली तरी झाडं राहिली, बाक राहिले, माणसांची सवय राहिली. फोर्खहाइम गावाजवळच्या 'तळघरांच्या रानात' अशी वीसहून अधिक तळघरं उतारावर ओळीने आहेत. जुलैच्या अखेरीस संत ॲनाच्या सणाला, १८४० पासून, तिथे जत्रा भरते. रानातल्या रानात हजारो माणसं बसलेली असतात आणि कुठलीही इमारत त्या गर्दीच्या केंद्रस्थानी नसते.

चार गावं, चौदा किलोमीटर

बांबेर्ग, बायरॉइट आणि न्यूर्नबेर्ग या तीन शहरांच्या मधल्या डोंगराळ टापूला 'फ्रांकेनमधलं स्वित्झर्लंड' म्हणतात. आल्प्सच्या मानाने हे डोंगर ठेंगणे. पण ज्युरासिक काळातल्या समुद्रतळाचे चुनखडीचे आणि डोलोमाइटचे सुळके दरीतून थेट उभे राहतात, आणि जमिनीखाली हजारावर गुहा आहेत. १७९३ मध्ये वाकेनरोडर आणि टीक हे एर्लांगेनला शिकणारे दोन तरुण या भागात भटकले. त्यांच्या वर्णनांनी जर्मन रोमँटिक मनाला हा प्रदेश दाखवला. पुढे याच खडकांवर १९७५ मध्ये कुर्ट आल्बेर्ट याने एक रीत सुरू केली : दोराचा किंवा खिळ्याचा आधार न घेता, केवळ हातापायांच्या बळावर वाट पूर्ण चढली, की तिच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचा. प्रस्तरारोहणातला 'रेडपॉइंट' हा शब्द त्या ठिपक्यातून आला.

याच टापूत आउफसेस नावाची छोटी ग्रामपंचायत आहे. न्यूर्नबेर्गचं जर्मन राष्ट्रीय संग्रहालय १८५२ मध्ये स्थापन करणारे हान्स फोन आउफसेस इथल्याच सरदार घराण्यातले. पण गावाची आजची कीर्ती वेगळी आहे. सुमारे दीड हजार लोकवस्तीमागे चार ब्रूअऱ्या, अशी गिनीज बुकात नोंद झाली. आउफसेस, साक्सेनडोर्फ, होखश्टाल आणि हेकेनहोफ या चार वस्त्यांतल्या ब्रूअऱ्यांना जोडणारी सुमारे चौदा किलोमीटरची पायवाट आखलेली आहे. शेतं, बीचची रानं, एखादा ओढा, पुन्हा शेतं. प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा.

चौदा किलोमीटर आणि चार ठिकाणं हे गणित शहाणं आहे. फ्रांकेनमध्ये अर्ध्या लिटरच्या मापाला 'झायडला' म्हणतात. दोन झायडलांमध्ये तासाभराची चाल पडते. जर्मनीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा हजारी अर्धा भाग आहे, म्हणून गाडीने असा फेरा मारणं हा मूर्खपणा आणि गुन्हाही. पायांनी मारला, तर तो दिवसभराचा सोहळा होतो.

इथे वाट आणि विसावा यांचं नातं जुनं आहे. या टापूतलं ग्योसवाइनश्टाइन हे पायी येणाऱ्या भाविकांचं तीर्थक्षेत्र. बांबेर्गच्या उत्तरेला टेकडीवर 'चौदा संत' हे दुसरं. दोन्हीकडची भव्य चर्चं बाल्थाझार नॉयमान या अठराव्या शतकातल्या वास्तुकाराच्या आराखड्यांतून उभी राहिली, आणि चौदा संतांच्या चर्चमागे आजही ब्रूअरी आहे. वारीच्या वाटेवरची चहाची टपरी आपल्याला विसंगत वाटत नाही, तसंच हे.

लहान राहण्याचं अर्थशास्त्र

ऊर्ध्व फ्रांकेन या एका जिल्हा-विभागात सुमारे दोनशे ब्रूअऱ्या आहेत. इतकी दाटी दुसरीकडे सापडणं अवघड. याचं एक कारण राजकीय आहे. हा प्रदेश शतकानुशतकं बिशप, सरदार, मठ आणि छोटी शहरं यांच्यात वाटलेला होता. बिअर करण्याचा हक्क देणारे हात अनेक होते. मोठं बाजारक्षेत्र एकाच्या ताब्यात आलं नाही.

दुसरं कारण रोजच्या हिशेबाचं. इथली नमुनेदार ब्रूअरी म्हणजे एक कुटुंब : मागे कढई, पुढे खानावळ, बाजूला शेती, कधी स्वतःचा खाटीकखाना. आपली बिअर आपल्याच टेबलावर विकायची. बाटल्या, लेबलं, ट्रक, जाहिरात, दुकानदाराचं कमिशन हे खर्च कमीत कमी. जर्मनीत लहान स्वतंत्र ब्रूअरीला बिअरकरही कमी दराने लागतो. तळघरातली ही बिअर बहुधा गाळलेली नसते, तिच्यात वायूचा जोर कमी असतो. लांबच्या प्रवासात तिचा ताजेपणा सहज उतरतो. म्हणजे जे तिचं वैगुण्य, तेच तिचं संरक्षण. बिअर माणसाकडे जात नाही, माणूस बिअरकडे येतो. पायवाट ही या धंद्याची वितरणव्यवस्थाच आहे.

मराठी वाचकाला हे तत्त्व नवं नाही. कोकणातली माडी सकाळी उतरवली की संध्याकाळपर्यंत तिचा स्वभाव बदलतो. गोव्यातला उर्राक काजूच्या हंगामापुरता, मार्च ते मेपर्यंत. तो भट्टीजवळच प्यावा. गडाखालच्या गावातलं पिठलं-भाकरीही चढून आलेल्याच्या भुकेवर चालतं. पेय किंवा पदार्थ जागा सोडत नाही, तेव्हा जागेचं मोल टिकतं.

अमेरिकेतली क्राफ्ट बिअरची चळवळ १९७० च्या दशकात कारखानी बिअरविरुद्धचं बंड म्हणून उभी राहिली. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली 'डूलाली' ही महाराष्ट्रातल्या आरंभीच्या मायक्रोब्रूअऱ्यांपैकी; तिचं नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रज सैनिकांनी घडवलेल्या शब्दाचं आहे. या नव्या ब्रूअऱ्या लहान आहेत त्या ठरवून. आउफसेसची ब्रूअरी लहान आहे, कारण मोठं होण्याचं तिला कधी कारण पडलं नाही. गंमत अशी, की बांबेर्गमध्ये १८७९ मध्ये स्थापन झालेल्या वायरमान कंपनीचं माल्ट आज जगभरच्या, भारतातल्याही, ब्रूअऱ्या वापरतात. कच्चा माल जगभर फिरतो. त्यातून बांबेर्गमध्ये झालेली बिअर मात्र बहुतांशी घरीच राहते.

त्याच शहरात श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या दोन जुन्या ब्रूअऱ्या अजून स्वतःचं माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. पहिला घोट धुरकट, जवळजवळ भाजलेल्या मांसासारखा लागतो. एके काळी लाकडावर वाळवलेल्या माल्टला धुराचा वास असणारच होता; इतरांनी स्वच्छ भट्ट्या स्वीकारल्या, या दोघांनी नाही. आज जी खासियत वाटते, ती एके काळची सर्वसाधारण चव आहे.

पाहुण्याचं काम

ही व्यवस्था अमर नाही. जर्मनीत बिअर पिण्याचं प्रमाण दीर्घकाळ घटत आहे. खेड्यातल्या खानावळीला स्वयंपाकी मिळत नाही, मुलं शहरात नोकरी धरतात, जुनी कढई बदलायला भांडवल लागतं. एखादं कुटुंब थकलं की कढई थंड होते. मग खानावळ काही वर्षं दुसऱ्याची बिअर विकते आणि पुढे तीही मिटते. अशा वेळी रविवारी चालत आलेले चाळीस-पन्नास लोक हा शोभेचा भाग राहत नाही; तो आठवड्याचा ताळेबंद असतो.

म्हणून तिथे जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक खानावळीचा आठवड्याचा सुटीचा दिवस असतो. तो आधी पाहावा, नाहीतर चार किलोमीटर चालून बंद दार दिसतं. तळघर आभाळ पाहून उघडतं. रोख पैसे जवळ असावेत. गावातल्या नेहमीच्या मंडळींचं ठरलेलं टेबल असतं, त्यावर बसू नये. इतर टेबलांवर मात्र अनोळखी माणसाशेजारी विचारून बसण्याचीच रीत आहे. शेवटचा पूर्ण पेला नको असेल तर 'श्निट' मागावा. अर्ध्याहून थोडा अधिक भरलेला पेला मिळतो. न पिणाऱ्यालाही ही वाट बंद नाही : सफरचंदाचा रस, राय धान्याचा पाव, चीज आणि बीचच्या रानातली सावली सगळ्यांसाठी सारखीच.

चार शिक्के पूर्ण करण्याच्या घाईत हे सगळं निसटू शकतं. यादीतली ठिकाणं उरकणारा पर्यटक बिअर पितो, पण तळघरावर जात नाही. तिथे जायचं म्हणजे आपल्या पायाखाली काय आहे याची जाणीव ठेवून बसायचं : वीतभर माती, तिच्याखाली झाडाची उथळ मुळं, त्याखाली दगडाची कमान, आणि त्या कमानीखालचा तो अंधार, ज्याच्यापासून हे सारं सुरू झालं.