पऱ्हाटीचा कुड
यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जुन्या घराची भिंत विकत आणावी लागत नसे. ती शेतातच उगवे. कापूस वेचून झाला की उरते पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं. लाकडी बल्ल्या रोवायच्या, बांबूच्या आडव्या कमच्या बांधायच्या, त्यांत पऱ्हाट्या दाटून उभ्या बसवायच्या, की झाला कुड. मग माती, शेण आणि कुटार, म्हणजे भुसा, कालवून दोन्ही अंगांनी लिंपायचं. कुटार हवंच; त्यानं वाळताना भेगा कमी पडतात. पऱ्हाटीवरची वाळकी बोंडं मात्र आधी तोडून जाळावीत, नाहीतर गुलाबी बोंडअळी तिथंच मुक्काम करते. खरे शत्रू पाऊस आणि उधई. म्हणून कवेलूंचं छप्पर भिंतीबाहेर हातभर काढतात, आणि पावसाळा सरला की पुन्हा लिंपण आलंच. सिमेंटच्या भिंतीला ही कटकट नाही. पण मे महिन्यात दुपारी सिमेंटच्या घरात बसून पाहा!