घरच्या संगणकाची राखण

संगणक बिघडला तर नवा घेता येतो. त्यातले फोटो आणि कागदपत्रे मात्र विकत मिळत नाहीत. म्हणून राखण करायची ती आधी माहितीची.

माहितीला एक धोका रॅन्समवेअरचा: हा घातक प्रोग्राम फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभरचे लाखो संगणक असे अडवले. विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून ते शिरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट केले नव्हते, ते त्याच्या तावडीत सापडले. म्हणूनच अपडेट आपोआप होऊ द्यावेत. विंडोज १०चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हेही ध्यानात घ्यावे.

बॅकअपचा, म्हणजे जादा प्रती ठेवण्याचा, रूढ नियम ३-२-१ असा आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. मूळ प्रत संगणकात, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर ठेवता येते. काम होताच बाह्य डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिल्यास रॅन्समवेअर तिच्यातही शिरू शकते.

माहितीनंतर खुद्द संगणकाची राखण: तो मंदावल्यास डिस्कवर मोकळी जागा करावी आणि सुरू होतानाच आपोआप उघडणारे अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत.

शेवटी पुन्हा माहितीकडे: बॅकअपमधली एखादी फाइल अधूनमधून उघडून पाहावी. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबू नये.