मुळशीचे वानर नेमके कोणते?

ताम्हिणी घाटात कठड्यावर बसलेले काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. आणि डोक्यावरचे केस मधोमध फुटून टोपी घातल्यासारखे दिसते ते माकड. एवढा भेद मुळशी तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. प्राणिशास्त्रज्ञांचे भांडण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे: हे वानर कोणत्या जातीचे, आणि उपजाती मानायच्या तर कोणत्या उपजातीचे? सव्वादोनशे वर्षे उत्तरे बदलत राहिली. माझ्या मते याचे मुख्य कारण म्हणजे पुराव्याची हेळसांड. त्यातही प्राणी मुळात कुठला, हा सर्वांत मोलाचा पुरावा आपण आजही हाताने पुसतो आहोत.

1797 मध्ये द्युफ्रेन याने बंगालच्या वानराला ‘एंटेलस’ हे नाव दिले. पुढच्या शतकात एडवर्ड ब्लाइथने दक्षिणेकडच्या वानरांसाठी ‘हायपोल्यूकस’ आणि ‘प्रायम’ ही नावे आणली, तर 1928 मध्ये पोकॉकने हिमालयाकडच्या वानरांना ‘एजॅक्स’ आणि ‘हेक्टर’ करून टाकले. (हनुमंताच्या गोतावळ्याला ट्रॉयच्या युद्धातली नावे मिळावीत, ही विलायती शाळांची कृपा!) विसाव्या शतकात बराच काळ ही सगळी एकच जात आणि ही नावे तिच्या उपजातींची, असा हिशेब चालला. 2001 मध्ये कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी त्यांच्या सात जाती केल्या. ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, तर या नावांना किंमत काय?’ असा आक्षेप इथे येतो, आणि तो वरवर रास्तही वाटतो. पण मतभेद झाले कशावरून, ते पाहिले पाहिजे. निवाडा मुख्यतः केसांच्या रंगावर होत होता, आणि तोही संग्रहालयांतली तीच ती कातडी पुन्हापुन्हा उलगडून. रंगासारखे लवचिक लक्षण धरले की जाती दोनही होतात आणि दहाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी हा पायंडा मोडला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दक्षिण भारतातली जिवंत वानरे रंगाशी संबंध नसलेल्या पाच लक्षणांवरून तपासली गेली आणि सहा ठळक गट हाती आले. 2015 मध्ये डीएनएचा पुरावा जोडून त्यांनी एंटेलस, हायपोल्यूकस आणि प्रायम या तीन वेगळ्या जाती मानल्या. रंगाबाहेरच्या लक्षणांत शेपटीची कमान महत्त्वाची. वानर जमिनीवर चार पायांवर चालत असताना ती बघायची. बसलेल्या वानराची शेपटी नुसती लोंबते, तिच्यावरून काही ठरत नाही. उत्तरेकडच्या वानरांची शेपटी पाठीवरून डोक्याकडे वळते, दक्षिणेकडच्यांची मागे झुकते. दोहोंची सीमा ढोबळमानाने तापी–गोदावरी अशी सांगितली जाते.

या सीमेने मुळशी दक्षिणेत पडते. मग प्रश्न मिटला? नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, आणि तिथे ती माकडाने उडी मारून ओलांडावी एवढीशी असते. सह्याद्रीची धार तर तिला वळसा घालून सलग पुढे जाते. आल्फ्रेड रसेल वॉलेसने 1852 मध्ये ॲमेझॉन खोऱ्यातल्या माकडांवर निबंध वाचला, तेव्हा ॲमेझॉन, मदेइरा आणि निग्रो या नद्या जातींच्या सीमा असल्याचे दाखवतानाच त्याने सांगून ठेवले होते की उगमाकडे या सीमा विरून जातात. नुसते ‘ब्राझील’ किंवा ‘दक्षिण अमेरिका’ एवढेच लिहिलेल्या संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवरही त्याने कोरडे ओढले होते. तात्पर्य, मुळशीच्या वानराची जात नकाशावरून सांगता येणार नाही. ती वानरावरूनच वाचावी लागेल.

पण रंग अगदीच कुचकामी का? तसेही नाही. दक्षिण अमेरिकेतली निशाचर माकडे बराच काळ एकच जात समजली जात. 1983 मध्ये फिलिप हर्शकोविट्झने त्यांच्या नऊ जाती केल्या: ॲमेझॉनच्या उत्तरेला मुख्यतः करड्या मानेच्या, दक्षिणेला तांबड्या मानेच्या. त्याच्या रंगाच्या निकषाला गुणसूत्रांची साथ होती. या माकडांत त्यांची संख्या 46 पासून 58 पर्यंत आढळते. हिवतापाच्या संशोधनासाठी हीच माकडे वापरली जात असल्याने कोणते माकड कुठले, हा तिथे पांडित्याचा प्रश्न उरला नव्हता. रंग साक्षीदार म्हणून चालतो, पण एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये.

‘सर्रास दिसणाऱ्या प्राण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?’ याचे उत्तर घाटातल्या त्या टोपीवाल्या माकडाकडे आहे. ते फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळते. उत्तरेकडचे आखूड शेपटीचे रीसस माकड त्याच्या मुलखात सरकत असल्याचे 2011 मध्ये अभ्यासकांनी दाखवले. तोवर धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘काळजीचे कारण नाही’ या वर्गात असलेले हे माकड 2020 मध्ये ‘असुरक्षित’ ठरले. या सरकण्याला माणसाचाही हातभार आहे. उपद्रवी माकडे-वानरे पकडायची आणि लांबच्या रानात नेऊन सोडायची, हा उपाय देशभर रूढ आहे. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि त्याला उपाय हवाच. पण अशी एक गाडी घाटात रिकामी झाली की इथल्या कळपात पाहुणे कोण आणि घरचे कोण, हे पुढच्या अभ्यासकाला शेपटी बघूनही खात्रीने सांगता येणार नाही. निदान पकडल्याचे ठिकाण, चालतानाचा बाजूने घेतलेला फोटो आणि थोडी लेंडी एवढे तरी नोंदून ठेवावे. डीएनए लेंडीतूनही मिळतो, त्यासाठी वानराला हात लावावा लागत नाही. सोडून दिलेल्या वानराचा मूळ पत्ता मात्र नंतर कोणीही भरून देऊ शकत नाही.