अंड्याचा दर्जा आणि अंड्याचा दर

शेतमालाच्या बाजारात अंड्याइतका नाजूक माल थोडाच असेल. धान्य चांगला भाव येईपर्यंत कणगीत ठेवता येते. अंडे फार दिवस थांबू शकत नाही. बाजार पडला म्हणून कोंबडी अंडी द्यावयाची थांबत नाही आणि तिचे खाद्यही तहकूब ठेवता येत नाही. शिवाय आतला माल ताजा की शिळा, हे कवच फोडल्यावाचून गिऱ्हाइकाला कळत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला खात्री कशी द्यावी आणि उत्पादकाला रास्त दाम कसा मिळावा, असे दोन प्रश्न या धंद्यात प्रथमपासून आहेत.

पहिल्या प्रश्नाला सरकारने कायद्याने उत्तर दिले. 1937 साली शेतमालाची प्रतवारी व चिन्हांकन यांसंबंधीचा कायदा झाला आणि त्यातून ‘अ‍ॅगमार्क’ हे चिन्ह रूढ झाले. या पद्धतीत अंडे प्रकाशासमोर धरून तपासतात. अंडे जसजसे जुने होते, तसतशी त्याच्या रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढत जाते. ही पोकळी 4 मिलिमीटरपर्यंत असेल तर अंडे ‘अ’ प्रतीचे, 8 मिलिमीटरपर्यंत असेल तर ‘ब’ प्रतीचे. वजनाचेही वर्ग आहेत: 60 ग्रॅम व त्याहून अधिक वजनाचे अंडे अतिमोठे, तर 38 ते 44 ग्रॅमचे लहान. मात्र ही प्रतवारी ऐच्छिक राहिली, आणि दर्जाची ग्वाही देणारे चिन्ह दराची ग्वाही देऊ शकत नव्हते.

दराचा प्रश्न 1980 नंतर ऐरणीवर आला. अंड्याचे भाव उत्पादनखर्चाच्याही खाली गेले. दर व्यापाऱ्याने सांगावा आणि पोल्ट्रीवाल्याने मुकाट्याने मान्य करावा, अशी रीत होती. पुण्यात व्यवसाय उभारलेले डॉ. बी. व्ही. राव यांनी उत्पादकांना एकत्र आणले आणि 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. ही समिती सरकारी नव्हे. ती उत्पादकांचीच संघटना आहे. निरनिराळ्या विभागांसाठी ती शंभर अंड्यांमागे दर जाहीर करते. दर जाहीर करणे एवढ्यावरच न थांबता, मंदीत माल उचलून शीतगृहात ठेवणे आणि जाहिरातीने खप वाढविणे, हीही कामे तिने अंगावर घेतली. श्रावणात महाराष्ट्रातील अनेक घरांत अंडे वर्ज्य होते, तेव्हा मागणीच्या अशा चढउताराचे महत्त्व सहज ध्यानात येते.

तथापि जाहीर झालेला दर हा केवळ सूचक असतो. तो कोणावर बंधनकारक नाही. प्रत्यक्ष व्यवहारात हाती त्याहून कमी पडते, अशी तक्रार तमिळनाडूतील नामक्कलसारख्या मोठ्या केंद्रांतूनही ऐकू आलेली आहे. ज्याच्यापाशी साठवणीची सोय आणि चार दिवस दम धरण्याइतके भांडवल आहे, तो घासाघीस करू शकतो. लहान पोल्ट्रीवाल्याला खाद्याचे देणे आजच भागवावयाचे असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा अंड्याची पारख करू शकतो, संघटना त्याचा दर सांगू शकते. परंतु तो दर पदरात पडावयाचा तर विकणाऱ्याच्या अंगी थांबण्याचे बळ असावे लागते. एकट्या लहान उत्पादकाला ते क्वचितच लाभते. अनेकांच्या सहकार्यानेच ते उभे राहू शकते.